विरजणाची वाटी

सिल्वासाजवळच्या मसाटला, कामगारांच्या खोल्यांच्या लाइनीत दही बिघडणं ही काही बातमी नव्हती. मार्च महिना, पत्र्याचं छप्पर, शेजारी यार्नचा कारखाना. दूध दुपारपर्यंत टिकलं तरी नशीब म्हणायचं. त्यामुळे पुतळाबाई जेव्हा म्हणाली, "बाई, मना हातले काय व्हयनं देव जाणे, तीन दिन व्हई ग्यात, दही लागत नही," तेव्हा उषा सामंत हसलीच.

हसण्याचा तिला हक्कही होता. खडोलीच्या एका खासगी डेअरीत ती दह्याच्या विभागाची लॅब सांभाळायची. सूक्ष्मजीवशास्त्रात पदवी, रुईयाची नव्हे पण मालवणातून मुंबईला येऊन मिळवलेली. दही का लागतं, का आंबतं, का फाटतं, याचा ती पगार घ्यायची. नवरा श्रीकांत सिल्वासाला प्रशासनाच्या कचेरीत कारकून. १९९२ सालचा तो मार्च, आणि त्यांची पहिली मुलगी मृणाल चार महिन्यांची. बाळंतपणाची रजा संपली होती. सकाळी आठला उषा कंपनीच्या टेम्पोत चढायची आणि मृणाल दिवसभर शेजारच्या पुतळाबाईकडे राहायची.

पुतळाबाई अमळनेरकडची. तिचा नवरा भिका यार्नच्या कारखान्यात पाळीवर. बारा खोल्यांच्या त्या लाइनीत बहुतेक सगळी माणसं खानदेशातली, कामासाठी आलेली, आणि सगळ्यांच्या घरचं दही एकाच मूळ विरजणाचं. कुणीतरी कधीतरी गावाहून डब्यात आणलेलं. आज हिचं संपलं की ती तिच्याकडून वाटीभर नेणार, उद्या तिचं बिघडलं की ही देणार. त्या वाटीचा एक नियम होता. वाटी रिकामी परत करायची नाही. तळाला चमचाभर दूध घालून, वर झाकण ठेवून परत द्यायची. लेकरांच्या घरात रिकामं भांडं पाठवत नाहीत.

"थांबा मावशी, मी उद्या कंपनीतलं विरजण आणते," उषा म्हणाली. "पुण्याहून काचेच्या नळीत येतं. त्याने नाही लागलं तर मग मीच नोकरी सोडते."

ते तिने आणलं. पुतळाबाईच्या स्टीलच्या वाटीत स्वतःच्या हाताने कोमट दुधात कालवलं, बोटानेच ढवळलं, आणि वाटी चुलीशेजारी ठेवली. सकाळी वाटीत दूध होतं. आंबलेलं नाही, फाटलेलं नाही. काल घातलेलं तसंच, ताजं, गोडसर दूध.

उषाला त्याचं वाईट वाटलं नाही, उलट हुरूप आला. तिने चमचाभर दूध बाटलीत घेतलं आणि लॅबमध्ये जाऊन परीक्षा लावली. काचेच्या चपट्या बशीत जिवाणूंच्या खाद्याचा घट्ट थर, त्यावर दह्याचे जिवाणू आणि वाटीतल्या त्या दुधाचे थेंब पसरलेले. एका रात्रीत ते वाढले की बशीवर दुधाळ, एकसंध थर चढतो, ताटावर पिठी भुरभुरावी तसा. दुसऱ्या दिवशी बशी उजेडाकडे धरली तर त्या थरात भोकं होती. नितळ, गोल, कडा स्पष्ट. प्रत्येक भोकाच्या जागी जिवाणू मेलेले होते.

"फाज," ती मोठ्याने म्हणाली, आणि तिला हायसं वाटलं. गूढ उकललं होतं. आपल्याला जसे विषाणू गाठतात, तसे जिवाणूंनाही गाठतात. फाज हा जिवाणूंना खाणारा विषाणू. तो स्वतः काहीच नसतो, धुळीच्या कणाइतकाही जिवंत नसतो. पण आपला जिवाणू सापडला की त्याच्या पोटात शिरतो, तिथेच आपल्या शंभर प्रती काढतो आणि त्याला फोडून बाहेर पडतो. मग ते शंभर पुढच्या शंभरांना गाठतात. डेअरीत त्याचं नाव घेतलं तरी मॅनेजरच्या कपाळाला आठ्या पडतात, कारण एका दिवसात टाकीभर दूध वाया जातं.

तो लाइनीत कसा पसरला हेही उघड होतं. वाटीतून. बिघडलेल्या घरातलं चमचाभर दूध नियमाप्रमाणे परत जायचं, आणि त्याबरोबर फाजही. उषाने संध्याकाळी बायकांना ओट्यावर बसवून समजावलं. वाट्या उकळा, आठवडाभर वाटी परत देताना दूध घालू नका. बायकांनी मान डोलावली. "बरं शे, बाई," म्हणाल्या. आणि दुसऱ्या दिवशी लाइनीतल्याच प्रमिलाने शेजारच्या मंजुळाबाईला वाटी दिली ती तळाला दूध घालूनच. शास्त्र आपल्या जागी, लेकरं आपल्या जागी.

उषाने तरी हार मानली नाही. फाजचा एक मोठा दुबळेपणा असतो. तो भलता हट्टी असतो. एका कुलपाची एकच किल्ली, तसा एका जातीच्या जिवाणूवर एकच फाज चालतो. जात बदलली की तो उपाशी मरतो. तिने लाइनीसाठी दुसऱ्या जातीचं विरजण आणलं. प्रत्येक खोलीत स्वतः जाऊन, स्वतःच्या हाताने घातलं.

नाही लागलं.

तिसऱ्या जातीचं आणलं. तेही नाही. चौथी जात लॅबच्या फ्रीजमध्ये चार वर्षं पडून होती, मसाटमध्ये ती कधी आलीच नव्हती. तिला ओळखणारा फाज जगाच्या पाठीवर असेल, पण या लाइनीत असणं शक्य नव्हतं. उषाने बशी उजेडाकडे धरली. भोकं होती. आदल्या खेपेपेक्षा जास्त.

त्याच आठवड्यात डेअरीत पहिली टाकी बसली, दही लागलंच नाही. टाक्यांवर धुळ्याकडचा वाल्मिक होता, दहा वर्षांचा जुना माणूस. तो लॅबच्या दारात येऊन उभा राहिला आणि टोपी काढून म्हणाला, "मॅडम, दोन नंबर गेली. अठ्ठावीस घंटे झाले, पूरा दूध का दूध." पाडवा तोंडावर होता. श्रीखंडाचा चक्का बांधायचा तर याच दह्यातून. मॅनेजर लालबुंद झाला, कुणाकुणावर ओरडला, आणि उषाने टाकी धुण्यापासून झडप उकळण्यापर्यंत सगळं स्वतः उभं राहून करून घेतलं. पुढच्या खेपेचं विरजण तिने स्वतः तपासून, स्वतः ओतलं. तीही टाकी बसली.

यानंतरच्या गोष्टी घडल्या त्या आनंदाच्या वाटाव्यात अशा, म्हणून कुणाला भीती वाटली नाही.

लाइनीमागे उघडं गटार होतं. कारखान्याचं पाणी, बारा घरांचं सांडपाणी, वर मार्चचं ऊन. त्याच्या वासाने नवा माणूस ओकायचा. एका सकाळी श्रीकांत दात घासत बाहेर आला आणि म्हणाला, "काय गं, गटार साफ केलं की काय? वासच नाही." साफ कुणी केलं नव्हतं. पाणी तसंच काळं, तसंच साचलेलं होतं. फक्त वास नव्हता. बायका खूश झाल्या. प्रमिला गंमतीने म्हणाली, "पंचायतीले शेवटी देव दिसना."

मग वरण. उषाच्या घरी सकाळचं वरण झाकून राहिलं होतं, ती टेम्पो गाठायच्या घाईत विसरली. संध्याकाळी झाकण उघडताना तिने आधीच नाक मुरडलं. वरण ठीक होतं. ती पुन्हा विसरली आणि ते दुसऱ्या दिवशीही तसंच राहिलं. तिसऱ्या दिवशी तिने मुद्दाम ठेवलं. चौथ्या दिवशी ते वरण घट्ट झालं होतं, कडेला वाळलं होतं, पण त्याला हळदीचा आणि हिंगाचाच वास येत होता.

गटाराच्या काठावर एक मेलेली घूस पडली होती. उषा रोज टेम्पोकडे जाताना तिच्यावरून जायची. सहाव्या दिवशी तिच्या लक्षात आलं की घुशीचं पोट फुगलेलं नाही. आठव्या दिवशी ती वाकून बघत उभी राहिली. केस जसेच्या तसे. डोळा मिटलेला. उन्हाने कातडी थोडी आवळली होती, बस. मेलेलं काही कुजावं म्हणूनसुद्धा जिवाणू लागतात हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. दहाव्या दिवशी ती घुशीकडे न बघता गेली. तिला भीती वाटायला लागली होती, आणि या भीतीची नोंद कुठल्या रकान्यात करायची हे तिला कळत नव्हतं.

एखाद्या गोष्टीला नाव मिळालं की अर्धी भीती जाते म्हणतात. इथे नाव तर पहिल्याच दिवशी मिळालं होतं. फाज. पण सगळी कुलपं उघडणारा फाज नसतो. नसतो म्हणजे नसतोच.

त्या संध्याकाळी तिने मृणालला पुतळाबाईकडून घेतलं, खांद्यावर टाकलं, आणि नेहमीसारखं मानेच्या वळीत नाक खुपसलं. अंगावर पिणाऱ्या बाळाला त्या वळीत एक वास असतो. उतू गेलेल्या, जराशा आंबलेल्या दुधाचा. आईला तो अत्तरापेक्षा गोड लागतो.

वास नव्हता. पावडरचा होता. त्याच्याखाली काही नव्हतं.

"मावशी, तिला आज अंघोळ घातलीत का दुपारी?"

"नही वं. काय व्हयनं?"

उषा पोरीला घेऊन तशीच निघाली. घरी जाऊन तिने दुपटी पाहिली. मग बादलीतली कालची पाहिली. शी होती, पण पांढरी, पातळ, आणि तिलाही वास नव्हता. रात्री मृणालने दूध उलटलं. बाळं उलटतात, त्यात विशेष काही नाही. पण बाळाच्या पोटात अर्धा तास राहिलेलं दूध फाटलेलं येतं, त्यात दह्यासारखे कण असतात. उषाच्या पदरावर पडलं ते सरळ दूध होतं. प्यायलेलं तसंच परत.

पोटातलं दूध आम्लाने फाटतं. त्याला जिवाणू लागत नाहीत. उषाला हे पक्कं ठाऊक होतं, आणि म्हणूनच तिने पदरावरचं दूध पुन्हा निरखून पाहिलं. इथे तिचं शास्त्र संपत होतं आणि पोर मात्र तिची होती.

सिल्वासाच्या बालरोगतज्ज्ञांनी मृणालला तपासलं. छान आहे म्हणाले, हसतेय, ताप नाही. वजन मात्र दोन आठवड्यांत चारशे ग्रॅम उतरलंय, दूध वाढवा. उषाने दूध वाढवलं. पोरगी हपापून प्यायची, दिवसाला दहादा प्यायची, आणि सगळं आरपार जायचं. तिच्या मांड्यांच्या वळ्या गेल्या. गाल बसले. डोळे मोठे दिसायला लागले. आणि ती रडेना. नुसती बघत राहायची.

पुतळाबाईही वाळली होती. लुगड्याची गाठ दोनदा आवळून म्हणायची, "पोटभर जेवस, पन खायेल अन्न कोठे जास काय माहीत." लाइनीतल्या माणसांकडे उषाने आता नीट पाहिलं. तिला घरोघर तेच दिसलं. लख्ख, वासरहित, बारीक होत चाललेली माणसं.

तिने श्रीकांतला सांगितलं. तो भला माणूस, कागदावरच्या गोष्टींवर विश्वास ठेवणारा. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "उषा, गटाराला वास येत नाही म्हणून घाबरणारी तू जगातली पहिली बाई असशील." मग त्याने तिचा चेहरा पाहिला. "काय करायचं म्हणतेस?"

काय करायचं ते तिला त्याच क्षणी कळलं. फाज स्वतः जगत नाही. त्याला वाढायला जिवाणू लागतात, आणि ते त्याला आणून दिले कुणी? तिने. पुण्याच्या नळ्या फोडून, एकामागून एक चार जाती, घरोघर फिरून. आगीत तेल ओतावं तसं ती त्याला खाऊ घालत होती. आता काही द्यायचं नाही. कुणी कुणाला काही द्यायचं नाही. पोरीला इथून हलवायचं.

सकाळी ती पुतळाबाईच्या दारात गेली. मृणाल तिच्या कडेवर होती आणि हातात पुतळाबाईची ती स्टीलची वाटी होती, घासून, उकळून, कोरडी केलेली. तिने ती पालथी उंबऱ्यावर ठेवली.

पुतळाबाईने वाटी सुलटी करून आत पाहिलं. मग उषाकडे पाहिलं.

"रिकामी?"

"मावशी, राग मानू नका. मृणालला मी भावाकडे पालघरला नेतेय. आणि आता आपण काही दिवस एकमेकींच्या भांड्याला हात लावायचा नाही."

"तुन्ही पोर मी जीव लाईसन सांभाळी," पुतळाबाई हळूच म्हणाली. "मना घरमा काय शे असं, बाई?"

उषाने पोरीला कडेवर सावरलं. आपण हिला दोष देतोय हे तिला समजत होतं, त्याची लाजही वाटत होती. पण मुलीच्या जिवापुढे लाज कसली. ती वळली. मागे दाराची कडी लागल्याचा आवाज आला. त्या लाइनीत दिवसा दार लावायची पद्धत नव्हती.

अभिजीत, तिचा थोरला भाऊ, पालघरला शिक्षक होता. त्याची बायको रजनी मोठ्या मनाची, हसरी, स्वतःची दोन मुलं मोठी झालेली. तिने मृणालला उषाच्या हातून घेतलं आणि म्हणाली, "अगं बाई, ही तर नुसती काडी झालीय. ठेवा वन्सं माझ्याकडे. आठ दिवसांत ओळखू येणार नाही तुम्हाला." पाडव्याआधी रजा मिळणं शक्य नव्हतं. उषा पोरीला वरच्या दुधावर टाकून दुसऱ्याच दिवशी परत आली. वापीच्या स्टेशनवर उतरताना ब्लाउज दुधाने भिजला होता आणि ती रडत होती.

पुढचे आठ दिवस ती नुसती कामाला जुंपून राहिली. पुतळाबाई तिच्याशी बोलत नव्हती, आणि तिची बाजू घेऊन बाकीच्याही नाहीत. कुणी वाटी मागायला आलं नाही, कुणी ओट्यावर बसायला बोलावलं नाही. पाचव्या दिवशी उषा कुलूप लावत असताना पुतळाबाई बाहेर आली. तिच्या हातात पातेलं होतं आणि रुसवा कुठल्या कुठे पळाला होता.

"देख, उषाबाई, देख! दही लागनं."

घट्ट, कवडीदार दही. वर पिवळसर पाणी सुटलेलं. आंबट वास दारापर्यंत आला. उषाने हात पुढे केला आणि स्वतःच मागे घेतला. भांड्याला हात लावायचा नाही हे आपणच सांगितलंय. पण तिचा जीव भांड्यात पडला. उपाशी ठेवल्यावर तो मेला होता. गटारही परत घाण मारायला लागलं, निदान लाइनीच्या त्या टोकाला, आणि प्रमिला आता पंचायतीला शिव्या देऊ लागली.

डेअरीत मात्र टाक्या बसतच होत्या. "मॅडम, एक बोलू?" वाल्मिक म्हणाला. "तुम्ही पालघरले गेलता ना, त्या दिवशीची तीन नंबर एकदम फर्स्ट क्लास लागली. मी आपलं विरजण ओतलं. तुमचे सारखे आकडे नाही काढले."

"नवीन नळी होती ती," उषा म्हणाली. नळी जुनीच होती. तिने वहीत पाहिलं, आणि पान उलटलं.

पाडव्यानंतर ती पालघरला गेली, तेव्हा रजनी मृणालला कडेवर घेऊन जिन्यातच उभी होती. उषाने क्षणभर ओळखलं नाही. गाल भरलेले, मांड्यांवर वळ्या, आणि ओरडायला तर कारखान्याचा भोंगा. उषाने तिला घेतलं, मानेच्या वळीत नाक खुपसलं. आंबूस दुधाचा वास. ती तिथेच पायरीवर बसली आणि हसत-रडत पोरीचे मुके घेत राहिली.

तरीही दुधाने पोळलेलं तोंड ताक फुंकून पितं. उषाने जेवणाच्या डब्यात कागदात गुंडाळून दोन काचेच्या बश्या आणल्या होत्या. दोन्हींवर दह्याचे जिवाणू लॅबमध्येच पसरलेले, अजून वाढायचे होते. पोरगी आता निर्धोक आहे का, हे एकदा डोळ्यांनी पाहायचं होतं. एका बशीत तिने मृणालचा तळवा टेकवला. पोरीला गार लागलं, ती खिदळली, हात ओढायला लागली. उषाने वरून आपल्या हाताने तिचा हात दाबून धरला, मनात पाच मोजले, आणि मग मुलीचा हात उकळून निववलेल्या पाण्याने धुतला. दुसरी बशी तशीच बंद ठेवली, तुलनेसाठी. पालघरचा एप्रिल, बश्या कपाटावर ठेवल्या तरी पुरे.

त्या रात्री तिने आठ दिवसांनी पोरीला अंगावर पाजलं.

सकाळी रजनी मृणालला तेल लावत होती. उषा खिडकीशी गेली आणि पहिली बशी उजेडात धरली.

पांढरा, एकसंध थर. मधोमध चिमुकल्या तळव्याचा पुसटसा ठसा, त्यातही जिवाणू दाट उगवलेले. एक भोक नाही. पोरगी सुटली होती.

मग तिला कडेचं दिसलं.

त्या छोट्या हाताभोवती पाच नितळ गोल होते. एक एका बाजूला, चार दुसऱ्या बाजूला.

उषा ते बघत उभी राहिली. मोठ्या हाताची पाच बोटं एका लहान हाताला दाबून धरतात तेव्हा कुठे कुठे टेकतात, हे तिला मोजावं लागलं नाही.

पुतळाबाईच्या वाटीत बोटाने ढवळलेलं विरजण. घरोघर स्वतः घातलेलं. टाकीत स्वतः ओतलेलं. दिवसातून दहा वेळा पाजलेलं.

तिने दुसरी बशी उघडली. हिच्यावर थर पुरता वाढून बसला होता. वाढून बसलेल्या थरावर फाज चालत नाही, हे पुस्तकात आहे. तिने तर्जनी त्यावर टेकवली आणि तशीच ठेवली.

थर सरकला.

बोटाच्या कडेपासून, सावकाश, दुधावरची साय फुंकर घातल्यावर मागे जाते तसा. बोटाभोवती काच दिसायला लागली. मग आणखी. तिने बोट उचललं तरी तो मागे जातच राहिला.

तिने आपलं मनगट नाकाशी नेलं. मग ब्लाउजची बाही, रात्रभर घामाने भिजलेली. कशालाच वास नव्हता. किती दिवसांपासून, कुणास ठाऊक. स्वतःचा वास कोण घेतं?

"वन्सं!" आतून रजनीची हाक आली. "अहो, ही बाटली थुंकतेय. काल आईची चव लागली ना, आता माझं कशाला पिईल!"

उषाच्या छातीतून दूध वाहू लागलं. तिने दोन्ही हात पदरात गुंडाळले, घट्ट, कोपरापर्यंत, आणि भिंतीला टेकली.

"रजनी, तिला माझ्याकडे आणू नकोस."

"हे काय भलतंच?" रजनी दारात आली. कडेवर तेलाने चकाकणारी मृणाल, आईकडे झेपावणारी. "सकाळपासून डोळे दाराकडे लावून बसलीय ती."

"मी सांगते ते ऐक. तिला आत ने."

"वन्सं, बरं नाही का तुम्हाला?"

"आत ने तिला, रजनी!"

तिचा आवाज चढला तसं पोरीने ओठ काढला आणि टाहो फोडला. रजनीने दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. मग रडणाऱ्या लेकराला आईच द्यायची असते, या सरळ हिशेबाने ती पुढे आली आणि मृणालला उषाच्या अंगावर ठेवून मोकळी झाली. पोर घसरायला लागली. पडेल म्हणून उषाचे हात पदरातून आपसूक बाहेर आले.

मृणाल लगेच गप्प झाली. तिने आईचं बोट दोन्ही मुठींत धरलं आणि तोंडात घातलं.